आग विझली, पण स्लॅबचं काय?

संपादक साहेब,

टॉवरमध्ये आग लागली की पेपरात बंब किती आले, कारण शॉर्टसर्किट, एवढं छापून येतं आणि विषय संपतो. नंतर त्या स्लॅबचं काय, ते कोणी विचारत नाही. साइटवर सर्रास बघितलंय, काजळी घासायची, हातोडीने ठोकून जिथे बदबद आवाज येतो तेवढे पोपडे पाडायचे, प्लास्टर मारून रंग द्यायचा, झालं.

काँक्रीट जळत नाही हे खरं, पण तापल्यावर सिमेंटमधलं पाणी उडून ते आकसतं आणि खडी मात्र फुगते, मग खडीच्या कडेनेच बारीक भेगा सुटतात. ३०० डिग्रीच्या पुढे ताकद घसरतेच. बरं बंबाने आग विझवली तरी आत शिरलेली उष्णता आणखी आत जात राहते, आणि जो भाग ४००-५०० च्या वर तापला तिथे चुना सुटलेला असतो, तो नंतर ओलावा पिऊन फुगतो, म्हणजे तडे काही दिवसांनी पण येऊ शकतात!

हे कॉम्प्युटरवर मांडता येतं. पूर्वी काँक्रीट म्हणजे एकसारखा ठोकळा धरायचे, त्यात उष्णता कुठवर गेली ते कळायचं पण भेग नेमकी कुठून सुटणार ते नाही. आता खडी वेगळी, मधला मसाला वेगळा दाखवून उष्णता, वाफ आणि ताण यांचं गणित एकत्र सोडवतात. वाफ का, तर १९९६ ला इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या चॅनल टनेलच्या आगीत दणकट, घट्ट काँक्रीटचेच ढलपेच्या ढलपे उडाले, वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती. आपल्याकडे टॉवरच्या कॉलमला एम ६०, एम ८० अशा जास्त ताकदीच्या ग्रेडचं काँक्रीट घालतात, ते पण असंच घट्ट. त्यात पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे टाकले तर ते १६०-१७० डिग्रीला वितळून वाफेला वाट करून देतात, पण खर्च म्हटलं की बिल्डर हात वर करतात.

अडचण या गणितात घालायच्या आकड्यांची आहे, म्हणजे तापल्यावर काँक्रीट किती फुगतं, ताकद किती उरते. युरोपच्या कोडमधले (बांधकामाच्या नियमावलीतले) आकडे गारगोटीच्या नाहीतर चुनखडीच्या खडीचे. गारगोटी ५७३ डिग्रीला एकदम फुगते, आपल्या काळ्या दगडात ती जवळपास नसतेच. तेच आकडे घातले तर रंगीत चित्रं छान येतील, पण ती आपल्या बिल्डिंगची नसतील.

इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपली काळी खडी आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरून केलेले काँक्रीटचे क्यूब भट्टीत तापवून आकडे जाहीर करावेत, आणि महापालिकेने जळलेल्या घरात कोअर टेस्ट (काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून तपासणं) आणि हे गणित झाल्याशिवाय प्लास्टरची परवानगीच देऊ नये.

एक निवृत्त साइट इंजिनिअर, डोंबिवली