परळच्या आमच्या सरांना, मनापासून थँक्यू

सर, नमस्कार. एमए इतिहासला अ‍ॅडमिशन झालं, मुंबई युनिव्हर्सिटीच्या कलिना कॅम्पसला, रेग्युलर. फोनवर तुमच्याशी नीट बोलता येत नाही, तुम्हाला ऐकू कमी येतं आणि मला रडू येतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी नाशिकला तुम्हाला वाचून दाखवेलच.

बारावीनंतर मी मेडिकलच्या काउंटरला लागले आणि तुम्ही बीपीच्या गोळ्या घ्यायला यायचात, हे तर तुम्हाला आठवत असेल. पुढे शिकायचं का विचारलंत तेव्हा मी म्हणाले होते की कॉलेजचं टायमिंग जमणार नाही, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आयडॉलच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या दूरशिक्षण विभागाच्या, फॉर्मची सगळी माहिती कागदावर लिहूनच आणलीत. 1971 पासून मुंबई युनिव्हर्सिटी नोकरी करणाऱ्यांना, घर सांभाळणाऱ्यांना असं घरबसल्या शिकवतेय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं सर, आमच्या अख्ख्या चाळीत कुणाला माहीत नव्हतं.

पण फॉर्म भरून देणारे पुष्कळ भेटतात. मला थँक्यू म्हणायचंय ते वेगळ्या गोष्टीसाठी. लोक म्हणायचे, बाहेरून बीए करतेय, त्याला काय किंमत, आणि मला ते लागायचं. तेव्हा तुम्ही मला युनिव्हर्सिटीचीच हिस्ट्री शिकवायला बसलात. 18 जुलै 1857 ला स्थापना झाली, त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रासची पण, आणि ही युनिव्हर्सिटी सुरुवातीला स्वतः शिकवतच नव्हती, शिकवायची कॉलेजं आणि युनिव्हर्सिटी फक्त परीक्षा घेऊन डिग्री द्यायची. स्वतःची बिल्डिंगही नव्हती, कारभार टाऊन हॉलमधून चालायचा. आणि अशा युनिव्हर्सिटीतून 1862 ला पहिले चार बीए झाले, न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला 1878 ला, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. तुम्ही म्हणालात, बघ, पदवीधर आधी आले, टॉवर मागून आला, आता तू अभ्यास कर. भांडारकर तर पुढे 1893 ला तिथलेच कुलगुरू झाले. एवढं ऐकल्यावर मला कुणाच्या बोलण्याचं काही वाटेनासं झालं, खरंच.

मग एका रविवारी मला आणि काकूंना घेऊन फोर्टला गेलात. मी रोज मुंबईत राहणारी, पण ओव्हलच्या बाजूने तो टॉवर कधी धड बघितला नव्हता. 280 फूट उंच, कापसाच्या व्यापारात पैसा केलेल्या प्रेमचंद रायचंदांनी लायब्ररीला दोन लाख आणि टॉवरला अजून दोन लाख दिले आणि आईचं नाव दिलं, राजाबाई. डिझाइन गिल्बर्ट स्कॉटचं, जो लंडनला बसून नकाशे काढत होता आणि मुंबईत कधी आलाच नाही. 2018 ला तो सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. इतकं सुंदर बांधकाम आपल्या युनिव्हर्सिटीचं आहे हे मी चाळीत कितीतरी दिवस सांगत होते.

मुलींचं पण तुम्हीच सांगितलंत. 1883 पर्यंत मुलींना नीट दारच उघडं नव्हतं, मग कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून शिकून मुंबई युनिव्हर्सिटीची पहिली महिला पदवीधर झाली (पुणे तेव्हा मुंबईकडेच होतं). आणि बाबासाहेब याच परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून 1912 ला इथलेच बीए झाले. मी ज्या रस्त्याने कामाला जाते त्याच भागातलं हे सगळं, आणि मला ते परक्यासारखं वाटत होतं.

सर, सगळ्यात मोठी गोष्ट आईची. मार्कशीटवर आईचं नाव छापून आलं, तेव्हा आईने तीनदा विचारलं, हे माझंच ना. आयुष्यभर लोकांकडे धुणीभांडी केली तिने, रेशनकार्ड आणि मतदान कार्ड सोडलं तर तिचं नाव कुठे छापलेलं मी बघितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू होत्या, 1995 ते 2000, त्यांनी हा निर्णय घेतला. लहान मुलांच्या सर्जन होत्या त्या. युनिव्हर्सिटीला 2021 ला कॉलेज-युनिव्हर्सिट्यांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचा ए प्लस प्लस मिळाला, 4 पैकी 3.65 गुण, त्याचा आनंद आहेच, पण मला विचाराल तर मार्कशीटवरची ती एक ओळ त्याहून मोठी आहे, आमच्या घरात तरी.

आता कलिनाला कुर्ल्याहून जाते. कॅम्पसवर रानडे भवन आहे सर, पहिल्या दिवशी पाटी वाचून त्या चौघांची नावं मनात म्हटली. जवाहरलाल नेहरू लायब्ररीत पण जाऊन आले, इतकी पुस्तकं एका जागी मी आधी बघितली नव्हती. मेडिकलवाल्या शेठनी मला संध्याकाळची शिफ्ट दिलीय, त्यांचे पण आभार.

तुम्ही हाताने लिहिलेल्या नोट्सच्या झेरॉक्स मी चाळीतल्या दोन मुलींना दिल्यात, दोघींचे फॉर्म भरून झालेत. एकीला इकॉनॉमिक्स घ्यायचंय आणि मला त्यातलं काही येत नाही, तर तिला फोन करायला सांगू का, संध्याकाळी किती वाजता चालेल ते काकूंना कळवायला सांगा.

तुमची, मेडिकलवाली मुलगी