जुनी पाठ्यपुस्तके रद्दीत घालू नयेत

महोदय,

अभ्यासक्रम बदलला की जुनी गणित-विज्ञानाची पुस्तके सरसकट रद्दीत जातात, हे मनाला पटत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश का, हे समांतर रेषा काढून पायरीपायरीने पटवून देणारी सिद्धता जुनी होत नाही. उलट भरपूर सोडवलेली उदाहरणे असलेले पुस्तक, शिकवणीची सोय नसलेल्या कोकणातल्या वाडीवरच्या मुलाला मोठा आधार ठरते. विज्ञानात मात्र तारतम्य हवे: २००६ पासून प्लूटो ग्रह मानला जात नाही, आणि २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून नव्हे, तर प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या कधीही न बदलणाऱ्या मूल्यावरून केली जाते. तरफ, भिंगे, ओहमचा नियम ही प्रकरणे आजही उपयोगी आहेत. वाचनालयांनी बदललेल्या मजकुराची चिठ्ठी आत चिकटवून ही पुस्तके, पावसाळ्यात कसर लागण्याआधी, मुलांच्या हाती द्यावीत.

— एक निवृत्त शिक्षक, राजापूर