दंडाला दंडच म्हणा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

यंत्रमागावर अपघात झाला की बातमीत ‘कामगाराचा हात गेला’ एवढेच येते. सोलापुरात तरी हे नेमके छापले जावे. डॉक्टरांच्या इंग्रजी दाखल्यातल्या ‘आर्म’चे मराठीत सरसकट ‘हात’ केले जाते. शरीरशास्त्रात आर्म म्हणजे फक्त खांदा ते कोपर, आणि त्याला आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे : दंड. पैलवान थोपटतो तो दंड, पोरे बेटकुळी काढून दाखवतात तीही दंडावरच. ‘हात’ मात्र खांद्यापासून बोटांपर्यंत काहीही असू शकतो.

भरपाईत या फरकाला किंमत आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयव कुठून गेला त्यावर कमाईच्या क्षमतेची घट धरली होती. खांद्याच्या सांध्यातून गेला तर ९० टक्के. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून उरलेला दंड २०.३२ सेंटिमीटरहून कमी असेल तर ८०. तिथून कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटरच्या आत ७०, त्याखाली किंवा पंजा गेला तर ६०. म्हणून दाखल्यावर उरलेल्या भागाची लांबी, कोणत्या टोकापासून मोजली त्यासकट, सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावी. नुसत्या ‘हात’ शब्दावरून यातले काहीच ठरत नाही.

हाड मोडल्याच्या बातमीचेही तेच. दंडात एकच हाड, ह्यूमरस. कोपराखाली दोन, अंगठ्याकडे रेडियस आणि करंगळीकडे अल्ना. ह्यूमरस मधोमध मोडले तर त्याला मागून वळसा घालणारी रेडियल नस (मज्जातंतू) दुखावू शकते. मग मनगट लोंबते, वर उचलता येत नाही. दुखणे दंडात, खूण मनगटात! घरच्यांनी हे पहिल्याच दिवशी पाहून डॉक्टरांना सांगावे.

अंगणवाडीताई ‘दंडघेर’ हा अचूक शब्द वापरतात. बातमीत त्याचा ‘हाताचा घेर’ कशाला करायचा? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड मोजतात. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी लावायची. ११.५ सेंटिमीटरच्या खाली अतितीव्र कुपोषण, तिथून १२.५ च्या आत मध्यम. पट्टी कातडीला टेकावी, आवळू नये. सैल राहिली तर आकडा वाढतो आणि उपचाराची गरज असलेले मूल यादीतून सुटते.

कोपराखालच्या भागाला दंडासारखा रुळलेला शब्द नाही. तिथे ‘अग्रबाहू’ न लिहिता सरळ ‘कोपर ते मनगट’ छापावे, ही विनंती.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, सोलापूर