‘धमकी’ खोडून ‘थट्टा’

वकीलताई,

सप्रेम नमस्कार. समोर आभार मानले की तुम्ही "जाऊ दे रे" म्हणून दुसरी फाईल उघडता. म्हणून हे चारचौघांत लिहितो.

त्या रात्री मी जागलीवर होतो. रानडुकरांनी हरभरा पार तुडवला होता, मचाणावर सुतळी बॉम्बची पुडी जवळ. सकाळी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. झोप नाही, अभ्यास नाही. ठेवला स्टेटस: "उद्या सुतळी बॉम्ब घेऊनच लॅबमंदी येतो, मंग पाहू कोन नापास करते." दुपारी मी ठाण्यातल्या बाकड्यावर. तुडवलेल्या हरभऱ्याचा फोटो त्याआधीच्या स्टेटसला होता, तो स्क्रीनशॉटात कुठून येणार?

कॉलेजनं माफीनामा टाईप करूनच आणला होता: "मी बॉम्बची धमकी दिली, माफी असावी." बाबा म्हणाले, "कर सही, बला टळंल." पेन माझ्या हातात होतं, ताई.

तुम्ही आलात, आधी माझा फोन मागितला. पहिल्या स्टेटसपासून मित्रांच्या शेवटच्या हसण्यापर्यंत सगळं वाचलं, वऱ्हाडीत, मोठ्यानं. मग ‘धमकी’ खोडून वर ‘थट्टा’ लिहिलं. साहेबांना म्हणालात, भारतीय न्याय संहितेतल्या धमकीच्या कलम 351 ला भीती घालायचा हेतू लागतो, तो यात दाखवा. तक्रारीच्या अर्जात आयटी कायद्याचं, ऑनलाईन लिहिण्यावरचं कलम 66-अ पण होतं. ते तर सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 लाच रद्द केलेलं! समज देऊन सोडलं मला.

बाहेर चहाच्या टपरीवर तुम्ही पालघरच्या दोन मुलींचं सांगितलं. 2012 साली एकीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं, दोघींना अटक. त्यावरून श्रेया सिंघल नावाची विद्यार्थिनी या 66-अ विरुद्ध कोर्टात गेली. माझा चहा गार झाला होता.

मला वाटलं, सुटलो. पण तुम्ही म्हणालात, "लॅबमधल्या काकांकडे जाऊन ये. ते खरंच घाबरले होते." त्यांनी तो स्क्रीनशॉट पाहून घरी फोन लावला होता म्हणे. हे मला अटकेच्या भीतीपेक्षा जास्त लागलं. काका काही बोलले नाहीत. ब्युरेट हातात दिली, "धू हे."

फी तुम्ही घेतली नाही. सोमवारी बाबा कोर्टात दोन पायल्या तुरीची डाळ आणतील, घरच्या जात्यावर भरडलेली. "परत आनली त तुहं तंगडंच तोडीन," असं आजीनं बाबांना बजावलंय. हे 351 मध्ये बसत नाही ना?

तुमचा,
जागलीवरचा पोरगा