तीन बाटल्यांचा हिशेब

मा. संपादक,

कोणत्या देशात किती बिअर पितात याचा तक्ता आपल्या रविवारच्या अंकात वाचला. चेक प्रजासत्ताकात माणशी वर्षाला सव्वाशे लिटरच्या वर, जर्मनीत नव्वदच्या आसपास, भारतात जेमतेम दोन लिटर. त्यावरून आपण फारच सोवळे, असा सूर होता. तो पटला नाही.

नागपूरला पारडीत माझं भंगाराचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. मोठी बाटली ६५० मिलीची, म्हणजे दोन लिटर म्हणजे तीन बाटल्या. त्या वाटल्या कोणाकोणात? पाळण्यातल्या पोरात, माझ्या आईत, दारूबंदी असलेल्या शेजारच्या वर्ध्यात, गुजरातेत, २०१६ पासून बिहारात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १९ टक्के दारू पिणारे निघाले, बायकांत एक टक्का. मग पिणाऱ्याच्या वाट्याला नक्की किती येते? शिवाय देशीचे पव्वे माझ्याकडे पोत्यानं येतात. ते या तक्त्यात नाहीतच.

सकाळी आठला काच वेचणाऱ्या बाया येतात. एक मावशी प्रत्येक बाटली उलटी करून उरलंसुरलं मातीत सांडते, तोंड फुटलेली बाजूला टाकते. अख्खीला नगावर पैसे, फुटकीला किलोवर. तिनं रचलेल्या ओळीत लेबल बघा, बहुतेकांवर ‘स्ट्राँग’. बारीक अक्षरात अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत. चेक लोकांची रोजची बिअर चार-पाच टक्क्यांची. १८४२ पासून पिल्झेन गावाची ती ओळख आहे. आणि तिथं गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल शून्यच लागतं.

आपल्याकडे बिअरला दारू म्हणतच नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की ‘थंडी मारू’ म्हणतात. माझ्याकडे काम करणारा पोरगा एकोणीस वर्षांचा होता, बिअर प्यायला कायद्यानं एकवीस लागतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातच रिंग रोडवर मोटारसायकलवरून पडला. ‘एकच तर बिअर घेतली होती त्यानं,’ असं त्याचे वडील दवाखान्याच्या दारात मला तीनदा म्हणाले. पोरगा वाचला, पण उजवा हात कोपरातून वळत नाही.

पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा दोन रकाने वाढवा: बिअरमध्ये अल्कोहोल किती टक्के, आणि शंभर माणसांत पिणारे किती. जागा कमी पडली तर झेंड्यांची चित्रं काढून टाका.

– एक भंगार व्यावसायिक, पारडी, नागपूर