फ्लॉरेन्समधला शेवटचा दिवस

कोल्हापूर,
रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सुखरूप घरी आलो. युरोपच्या सहलीत शेवटच्या दिवशी काय खरेदी केलीस, असं तू फोनवर विचारलंस. खरेदी काहीच नाही केली गं. त्या दिवशी आम्ही फ्लॉरेन्समधल्या, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीला, म्हणजे त्यांच्या स्मारकाला गेलो होतो. हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

व्हिएन्ना, व्हेनिस, रोम सगळं छानच झालं, फोटो तू पाहिलेसच. पण फ्लॉरेन्सचा तो दिवस पप्पांनी निघण्याआधीच राखून ठेवला होता. "महाराजांना भेटल्याशिवाय कोल्हापूरच्या माणसानं तिथनं परत यायचं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. बॅगा आदल्या रात्रीच भरून झाल्या होत्या.

स्टेशनजवळून ट्राम घेतली आणि काशिनेच्या थांब्यावर उतरलो. काशिने म्हणजे आर्नो नदीच्या काठानं पसरलेली लांबच लांब बाग. छत्री तिच्या पार दुसऱ्या टोकाला, तीन किलोमीटर तरी चालावं लागतं. जुलैचं ऊन कडक, पण झाडांची सावली होती. पप्पांचे गुडघे बघत, बाकांवर बसत बसत गेलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं असं नुसतं चालत कधी गेलो होतो, मला आठवेना. घरातलं, तुझं, काही ना काही बोलणं असायचंच. तिथं दोघंही गप्प होतो आणि बरं वाटत होतं.

छत्री आपल्याकडच्यासारखीच आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. डोक्याला पागोटं, अंगावर दागिने. चेहरा मात्र अगदी कोवळा. 1866 साली दत्तक येऊन गादीवर बसले, 1870 मध्ये विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. तिथून युरोप बघत घरी परतत होते. फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला गेले. वय अवघं वीस, तुझ्यापेक्षा लहान पोर. पुतळ्यासमोर उभी राहिले आणि माझ्या मनात एवढंच आलं, की कोल्हापुरात वाट बघणाऱ्यांना ही बातमी किती दिवसांनी कळली असेल.

तुला ठाऊक आहे, तुझं जर्मनीला जायचं ठरल्यापासून माझ्या पोटात गोळा येतो. तिथं काही झालं तर आपलं कोण, हाच प्रश्न. त्या छत्रीपाशी तो पुन्हा आलाच. पण दुसरंही काही दिसलं. तेव्हा त्या शहरात दहनाची रीत नव्हती. तरी तिथल्या सरकारनं परवानगी दिली आणि आर्नोला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर रात्री अग्नी दिला. आपल्याकडे प्रयाग चिखलीचा संगम, तसाच तो त्यांना मिळाला. 1874 मध्ये छत्री उभी राहिली. ती मेजर मँटनं आखली. तोच मँट, ज्यानं आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल बांधला. टाऊन हॉलच्या बागेत तू लहानपणी किती खेळलीस! शेजारी नदीवर मोठा पूल आहे, त्याचं नावही महाराजांवरूनच 'इंडियानो'. सायकलवरून चाललेले एक आजोबा थांबले, आधी पुतळ्याकडे बोट केलं, मग आमच्याकडे, आणि "इंडियानो?" म्हणाले. पप्पांनी छातीवर हात ठेवून "कोल्हापूर" म्हणून सांगितलं. आजोबांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी टोपी काढली.

सकाळीच काकांचा फोन आला होता, की पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. पप्पा बूट काढून कठड्याशी उभे राहिले आणि पुतळ्याकडे बघत म्हणाले, "महाराज, पंचगंगेला पाणी चढलंय. पाऊस चांगला हाय यंदा." माझ्या पर्समध्ये अंबाबाईच्या कुंकवाची पुडी असतेच. त्यातलं चिमूटभर मी कठड्याशी वाहिलं. मला रडू आवरेना. पप्पांनी पाठीवर हात ठेवला, बराच वेळ.

काळजी गेली, असं मी म्हणणार नाही. आईची काळजी जात नसते. पण परक्या गावातली माणसंही दारात आलेल्याला जपतात, हे डोळ्यांनी बघून आले. आता तुझ्या जाण्याबद्दल मी कुरकुर करणार नाही, तू मोकळ्या मनानं तयारीला लाग.

ऑगस्टात घरी येशील तेव्हा निदान आठवडाभर तरी राहा. डंकावरून कांदा-लसूण चटणी नवी कांडून आणते. आमची डब्यातली रोममध्येच संपली, पप्पांनी पास्त्यावर घालून घालून संपवली. तुझ्यासाठी दोन किलो बांधते. पिशवी दुहेरी करीन, तेल सुटणार नाही. आणि गरम कपडे पुण्यातून घेऊ नकोस, इथं आपण दोघी मिळून घेऊ.

तुझी,
आई