भाचा असशील तर भाचा म्हणून लिही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

यंदा मे महिन्यात आम्ही अमळनेरहून चारधामला गेलो, मी, सौ. आणि गल्लीतले चार जण. कंपनी निवडली ती मोबाईलवरचे रिव्ह्यू वाचूनच. एकाने तर लिहिलं होतं की जेवण घरच्यासारखं, दोनदा वरणबट्टी मिळाली, आईवडिलांना बिनधास्त पाठवा. तिकडे गुप्तकाशीला सहा जणांत एक खोली अन् गरम पाण्याच्या बादलीचे पैसे वेगळे. बरं ते जाऊ द्या, डोंगरात चालायचंच. पण पिपलकोटीला चहा पिताना ड्रायव्हरशी गप्पा निघाल्या तेव्हा कळलं की तो वरणबट्टीवाला म्हणजे मालकाचा सख्खा भाचा, आणि जे काका सगळीकडे याच कंपनीचं नाव सुचवत फिरतात त्यांना वीस सीट भरून दिल्या की एक सीट फुकट!

भाच्याने मामाचं कौतुक जरूर करावं, कमिशनही घ्यावं, पोट सगळ्यांनाच आहे. फक्त तसं सांगून करा ना भाऊ. रावेरकडे केळीच्या सौद्यात व्यापारी कोण अन् मधला दलाल कोण हे शेंबड्या पोराला पण माहीत असतं, म्हणून त्याचं बोलणं माणूस तेवढ्याच हिशोबाने ऐकतो. इथे दलालच गिऱ्हाईक बनून बोलतो.

नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये नियमावली काढली, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आणखी खुलासा केला की पैसे, फुकट ट्रिप, हॉटेलचा मुक्काम, एवढंच काय नातं असलं तरी जाहिरात करणाऱ्याने ते उघड सांगायचं. दंड दहा लाखापर्यंत, परत केलं तर पन्नास. ऑनलाइन रिव्ह्यूसाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानक पण आहे, पण ते ऐच्छिक, म्हणजे पाळलं तर पाळलं.

मी पण काही धुतल्या तांदळाचा नाही. हरिद्वारला निघताना मॅनेजर म्हणाला काका पाच स्टार द्या, पुढच्या टूरला पाचशे कमी करतो, अन् मी दिले, सौ. अजून ऐकवते. घरी आल्यावर दोन केले आणि पाचशेची गोष्ट पण लिहून टाकली, तर तासाभरात फोन, "काका असं काय केलं?"

आता थोडं तुमच्याबद्दल. दिवाळीच्या आधी तुमच्या पुरवणीत टूरवाल्यांवर फोटोसकट अर्धं अर्धं पान येतं, ती बातमी का जाहिरात तेच कळत नाही. कोपऱ्यात 'जाहिरात' लिहीत असाल तर जरा मोठ्या अक्षरात लिहा, माझा चष्मा जाड आहे.

आपला नेहमीचा वाचक, अमळनेर, जि. जळगाव